दुसरी साक्ष : हुंडीपासून क्रेडिट कार्डापर्यंत



बडोद्याकडे वाढलेल्या मराठी माणसाला नरसी मेहत्याच्या हुंडीची कथा नव्याने सांगावी लागत नाही. सतराव्या शतकात बडोद्याच्याच प्रेमानंद कवीने तिच्यावर आख्यान रचले आणि ती घरोघर पोहोचविली. द्वारकेस निघालेल्या यात्रेकरूंना वाटेत चोरांचे भय होते. जवळचे सातशे रुपये जुनागडातच एखाद्या सावकाराकडे भरावे आणि द्वारकेवर हुंडी घ्यावी, असा त्यांचा विचार. गावातील टवाळांनी त्यांना थट्टेने नरसी मेहत्याच्या दारी धाडले. मेहत्याजवळ पेढी नव्हती, आडत नव्हती. होती ती केवळ भक्ती. त्याने रुपये घेतले, साधुसंतांच्या सेवेत खर्चून टाकले, आणि द्वारकेच्या शामळशा शेठजीच्या नावे हुंडी लिहून दिली. द्वारकेत या नावाचा शेठ कोणीच नव्हता. अखेर भगवंतच शेठजीचा वेष घेऊन आले आणि त्यांनी हुंडी सकारली.

कथा भक्तीची आहे आणि भक्ताने ती तशीच ऐकावी. परंतु व्यापाऱ्याच्या कानांनी ती ऐकली, तर अंगावर क्षणभर काटा उभा राहतो. ज्यांनी रोकड सातशे रुपये मोजून दिले, त्यांच्या हाती काय होते? एक कागद, आणि त्या कागदावर अस्तित्वातच नसलेल्या माणसाचे नाव! देव काही प्रत्येक हुंडीसाठी धावून येत नाही. म्हणून परक्याच्या कागदावर विश्वास टाकून माल किंवा पैसा देण्याची वेळ ज्यांच्यावर रोज येते, त्यांनी फसवणुकीपासून आपला बचाव कसा केला, याचा इतिहास पाहणे बोधप्रद आहे. तोच आज मी आपणांपुढे थोडक्यात मांडणार आहे.

हा विषय मला सुचला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. बेळगावच्या बाजूस त्याचा काजूचा लहानसा व्यापार आहे. काही वर्षांपूर्वी त्याने इंटरनेटवर आपले दुकान मांडले. एके दिवशी संध्याकाळी अठरा हजार रुपयांच्या उत्तम काजूची मागणी आली. पैसे परदेशी क्रेडिट कार्डावरून भरलेले, आणि माल मात्र दक्षिणेतील एका शहरातल्या लॉजच्या पत्त्यावर पाठवावयाचा. "आजच रवाना करा," असे गिऱ्हाइकाने दोनदा लिहिले होते. पैसे जमा झाल्याचे दिसले. पोराने रात्री बसून खोकी बांधली आणि सकाळी माल धाडला. पुढे चाळीसएक दिवसांनी त्याला कळविण्यात आले की, कार्डाच्या खऱ्या मालकाने हा व्यवहार नाकारला आहे. अठरा हजार रुपये त्याच्या खात्यातून परत वळते झाले, वर दंडाची रक्कमही गेली. काजू गेले ते गेलेच. तो मला भेटावयास आला आणि म्हणाला, "सर, पैसे आले होते. माझ्या डोळ्यांनी पाहिले. मग ते गेले कसे?"

प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर देण्यासाठी दोनतीनशे वर्षे मागे जावे लागते.

पेशवाईच्या काळात पुण्याचा पैसा बडोद्यास, इंदुरास, नागपुरास जाई-येई तो बव्हंशी हुंडीने. बडोद्यात हरिभक्ती, गोपाळराव मैराळ यांच्यासारख्या मातबर पेढ्या होत्या आणि गायकवाडांच्या राज्यकारभाराला त्यांच्या पतीचा मोठा आधार होता. हुंडी म्हणजे एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला दिलेली आज्ञा : अमुक इतके रुपये अमुक माणसास द्यावे. या कामाबद्दल जो आकार घेत, तो हुंडणावळ. हुंडी दाखविताच पैसे मिळावयाचे असतील, तर ती दर्शनी; ठरावीक दिवसांनी मिळावयाचे असतील, तर ती मुदती.

आता पाहा, हा कागद जासुदाच्या किंवा वाटसरूच्या झोळीतून शेकडो कोस जाणार. तो चोरीस जाईल, त्यावरचा आकडा कोणी बदलील, किंवा सबंध हुंडीच कोणी बनावट लिहील. या प्रत्येक भयावर आमच्या सावकारांनी इलाज योजलेला होता.

आकड्याचा इलाज मोठा मौजेचा आहे. हुंडीत रक्कम एकदाच लिहीत नसत. हजार रुपयांची हुंडी असेल, तर अंकी एक हजार, अक्षरी एक हजार, त्याचे निमे पाचशे, आणि त्या पाचशांचे दुप्पट पुरे एक हजार, असा तिचा थाट असे. ठगाने एकाचे पाच करावयाचे म्हटले, तर त्याला निम्म्याचा आकडाही बदलणे भाग, आणि अक्षरेही. एका खोडीसाठी चार खोडी कराव्या लागत, आणि मुनिमाच्या नजरेतून चारही सुटणे कठीण.

बनावट हुंडीवरचा इलाज निराळा होता. हुंडी लिहिणारी पेढी समोरच्या पेढीस वेगळे पत्र पाठवून कळवी की, अमुक मितीची, अमुक रकमेची हुंडी तुम्हांवर केली आहे. हुंडी एका वाटेने येई, पत्र दुसऱ्या वाटेने. दोन्ही जुळली की मुनीम निःशंकपणे पैसे मोजी. पत्र आले नसेल, तर तो हात आखडता घेई. हुंडी हरवली, तर तिची दुसरी प्रत मिळे, तिला पैठ म्हणत. तीही हरवली, तर परपैठ. यांपैकी एकीवर पैसे दिले गेले की बाकीच्या निकामी. पैसे चुकते झालेल्या हुंडीला खोखा म्हणत आणि ती पेढीच्या दप्तरात जपून ठेवीत.

आणि चोरीचा इलाज होता शहाजोग हुंडी. ही हुंडी वाटेल त्या वाटसरूस वटविता येत नसे. बाजारात ज्याची पत आहे, ज्याला चार लोक ओळखतात, अशा 'शहा'च्या हातूनच ती पेढीवर यावी लागे. पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर तो शहा घेतलेले पैसे व्याजासह परत करण्यास बांधलेला असे. म्हणून शहा देखील कोणाची हुंडी हाती घ्यावयाची, याचा दहा वेळा विचार करी. इंग्रजी अमलात १८८१ साली हुंड्या-चेकांसंबंधीचा कायदा झाला, तेव्हा देशी भाषांतील अशा कागदांविषयीच्या स्थानिक वहिवाटीला त्याच्या पहिल्याच कलमात अभय देण्यात आले, यावरून या पद्धतीचा पाया किती पक्का होता, हे दिसून येईल.

या साऱ्या योजनेच्या मुळाशी एकच तत्त्व आहे : कागद स्वतःविषयी स्वतःच साक्ष देऊ शकत नाही. त्याला दुसरी साक्ष हवी, आणि ती निराळ्या वाटेने आलेली हवी. आम्हां ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथात, मोशेच्या नियमशास्त्रात, एकट्या साक्षीदाराच्या सांगण्यावरून कोणाला दोषी ठरवू नये, दोन किंवा तीन साक्षीदार असावेत, असा दंडक आहे. न्यायासनापुढे जे खरे, तेच पेढीच्या गादीवरही खरे आहे.

आता आपण समुद्रापलीकडे अमेरिकेत जाऊ. कारण आजच्या क्रेडिट कार्डाचा जन्म तेथला. १९५० साली न्यूयॉर्क शहरात डायनर्स क्लब निघाला. जेवणाचे बिल रोख न देता कार्ड दाखवावे आणि महिन्याअखेर एकदम चुकते करावे, अशी त्याची रीत. सभासद थोडे, हॉटेले थोडी, म्हणून कारभार आटोक्यात राहिला. खरा धडा मिळाला तो १९५८ साली. बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या शहरात सुमारे साठ हजार लोकांना, त्यांनी मागितलेली नसताना, टपालाने क्रेडिट कार्डे पाठवून दिली. चारएक टक्के लोक पैसे थकवतील, असा बँकेचा अंदाज होता. प्रत्यक्षात थकबाकीदार बावीस टक्क्यांवर गेले. टपालपेट्यांतून कार्डे चोरीस गेली आणि चोरांनी ती बेधडक वापरली. पहिल्या अमदानीतच बँकेने सुमारे ८८ लक्ष डॉलरांचे नुकसान कबूल केले. ही कल्पना काढणारे जोसेफ विल्यम्स १९५९ च्या अखेरीस बँक सोडून गेले. न मागता कार्ड पाठविण्यास अमेरिकेत १९७० साली कायद्यानेच बंदी झाली.

फ्रेस्नोत काय चुकले? आपल्या सावकारांच्या भाषेत सांगावयाचे, तर हुंडी गेली, पण कळवणीचे पत्र गेले नाही, आणि ती आणणारा शहा आहे की चोर, हे पाहणारे कोणी नव्हते. पुढील वर्षांत बँकांनी ही उणीव हळूहळू भरून काढली. हरवलेल्या व चोरीच्या कार्डांच्या छापील याद्या दुकानदारांकडे येत आणि दुकानदाराने कार्ड घेण्यापूर्वी त्या चाळाव्या, असा नियम असे. ठरावीक रकमेच्या वरचा सौदा असेल, तर बँकेला दूरध्वनी करून अनुमती घ्यावी लागे. १९७३ साली हे काम यंत्रगणकांकडे गेले आणि मिनिटांचा विलंब सेकंदांवर आला. कार्डाच्या पाठीवर चुंबकीय पट्टी आली. गिऱ्हाईक समोर उभे, त्याची सही कार्डावरच्या सहीशी ताडून पाहावयाची, आणि बँकेची अनुमती. एवढे केले की दुकानदार सुटला. पुढे काही निघाले, तर तोटा सहसा बँकेचा.

येथे एका गमतीदार साम्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. कार्डाच्या क्रमांकातील शेवटचा अंक इतर अंकांवरून गणिताने काढलेला असतो. हान्स पीटर लून या शास्त्रज्ञाने १९५४ साली या युक्तीच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि १९६० साली ते त्याला मिळाले. क्रमांकातील एकाआड एक अंकांची दुप्पट करावयाची, दोन अंकी उत्तर आले तर त्याचे अंक मिळवावयाचे, आणि साऱ्यांची बेरीज दहाने निःशेष भागली पाहिजे. आमच्या मुनिमाचे 'निम्म्याचे दुप्पट' आणि लूनची ही दुप्पट यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. परंतु दोघांनी आकड्यालाच आकड्याचा पहारेकरी केले, एवढे खरे. फरक इतकाच की, लूनची युक्ती लिहिणाऱ्याची चूक पकडते, लबाडी पकडत नाही. गणित ठाऊक असलेला ठग नियमात बसणारे क्रमांक हवे तितके बनवू शकतो, आणि पुढे ठगांनी तसे ते बनविलेही.

कार्ड समोर नसताना होणारा व्यापार हा मात्र प्रथमपासूनच दुखरा भाग होता. टपालाने किंवा दूरध्वनीवरून मागणी आली, की सही नाही आणि चेहरा नाही. उरतो केवळ क्रमांक. मग अशा व्यवहारातील फसवणुकीचा भार बँकांच्या नियमांनी व्यापाऱ्याच्या माथी टाकला. अमेरिकेच्या १९७० सालच्या कायद्याने चोरीच्या कार्डाबद्दल कार्डधारकाची जबाबदारी पन्नास डॉलरांवर आणून ठेवली आणि १९७४ सालच्या कायद्याने बिलातील चुकीच्या रकमेविरुद्ध तक्रार करण्याचा त्याचा हक्क पक्का केला. ग्राहकाला मिळालेले हे संरक्षण योग्यच होते. पण त्यातून जी उलटवसुली जन्मास आली, जिला चार्जबॅक म्हणतात, तिची झळ शेवटी लागली ती न पाहिलेल्या गिऱ्हाइकास माल पाठविणाऱ्या दुकानदाराला.

इंटरनेटने हा लहानसा कोपरा जगाएवढा मोठा केला. ११ ऑगस्ट १९९४ रोजी नेटमार्केट नावाच्या एका अमेरिकी दुकानातून गाण्यांची एक तबकडी १२ डॉलर ४८ सेंट अधिक टपालखर्च या किमतीला विकली गेली. कार्डाचा क्रमांक सांकेतिक लिपीत बंद करून पाठविलेला होता. सुरक्षित ऑनलाइन विक्रीच्या आरंभीच्या उदाहरणांत तिची गणना होते. लोकांना वाटले, आता चिंता मिटली. पण सांकेतिक लिपीने वाटेवरचा चोर अडला. दारावर येऊन दुसऱ्याचा क्रमांक स्वतःचा म्हणून सांगणारा चोर तिने कसा अडावा?

पेपाल या कंपनीची कथा येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. पैसे पाठविण्याची सोय तिने इतकी सुलभ केली की, ठगांनी तिच्यावर धाड घातली. २००० सालाच्या मध्यास तिला दरमहा एक कोटी डॉलरांहून अधिक तोटा होत होता, असे तिचे एक संस्थापक पीटर थील यांनीच लिहून ठेवले आहे. प्रथम सारा पहारा यंत्रावर सोपविला, तर ठग तासाभरात आपली रीत बदलीत. शेवटी मॅक्स लेव्हचिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोड काढली ती अशी : यंत्राने लाखो व्यवहारांतून संशयास्पद तेवढे वेगळे काढावे, आणि निर्णय अनुभवी माणसाने करावा. म्हणजे संगणकाच्या युगातही गादीवरचा मुनीम पुन्हा आणून बसवावा लागला!

याच सुमारास दुसऱ्या साक्षीच्याही निरनिराळ्या तऱ्हा निघाल्या. कार्डावर तीन अंकांचा एक गुप्त आकडा छापू लागले. तो चुंबकीय पट्टीत नसतो, म्हणून पट्टीची नक्कल करणाऱ्यास तो मिळत नाही. गिऱ्हाइकाने दिलेला पत्ता बँकेतील पत्त्याशी ताडून पाहण्याची सोय झाली. २००१ च्या सुमारास व्हिसाने अशी योजना आणली की, खरेदीच्या क्षणी कार्डधारकाची ओळख त्याची स्वतःची बँकच पटवून घेईल. हे आपले जुने कळवणीचे पत्र. फक्त आता ते विजेच्या वेगाने येते. अशी ओळख पटलेली असेल, तर फसवणुकीचा तोटा सामान्यतः व्यापाऱ्याकडून कार्ड देणाऱ्या बँकेकडे सरकतो.

दप्तर सांभाळण्याचा धडा मात्र व्यापाऱ्यांना फार महाग पडला. गिऱ्हाइकांच्या कार्डांची माहिती दुकानांनी आपल्या संगणकांत साठवून ठेवावी आणि चोरांनी ती एकगठ्ठा लुटावी, हे वारंवार घडू लागले. २००४ च्या डिसेंबरात मोठ्या कार्ड-कंपन्यांनी मिळून समान सुरक्षा-नियम केले. सौदा मंजूर झाल्यावर तो गुप्त आकडा साठवावयाचा नाही, हा त्यांतील एक. तरीही २००७ साली टीजेएक्स या अमेरिकी दुकान-समूहातून साडेचार कोटींहून अधिक कार्डांची माहिती चोरीस गेल्याचे उघड झाले.

आपल्या देशाने या बाबतीत पुष्कळांच्या आधी पाऊल टाकले, हे अभिमानाने सांगावयास हरकत नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००९ मध्ये आज्ञा काढली आणि त्या वर्षीच्या १ ऑगस्टपासून, भारतात दिलेल्या कार्डांवरील ऑनलाइन व्यवहारास कार्डावर छापलेल्या माहितीखेरीज आणखी एक ओळख सक्तीची केली. मोबाइलवर येणारा ओटीपी घरोघर परिचित झाला तो यामुळे. पुढे १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांनी गिऱ्हाइकांच्या कार्डांचे क्रमांक साठवून ठेवण्यास बंदी आली. त्याऐवजी एक सांकेतिक चिन्ह, ज्याला टोकन म्हणतात, तेवढेच जवळ ठेवता येते. तिजोरीत सोनेच नसेल, तर दरोडेखोर नेणार काय?

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. पैसे आले होते, मग गेले कसे? जी ओळख २००९ च्या आज्ञेने सक्तीची झाली, ती भारतात दिलेल्या कार्डांसाठी होती. त्याच्याकडे आलेले कार्ड परदेशी होते. क्रमांक खरा होता, पण दुसरी साक्ष कोणी मागितलीच नव्हती. कार्ड मंजूर झाले याचा अर्थ खाते चालू आहे आणि त्यात पत शिल्लक आहे, इतकाच. समोरचा माणूस त्या खात्याचा मालक आहे, असे बँकेने कोठेही म्हटले नव्हते. आणि उलटवसुली ही नवी आपत्ती नव्हे. चोरीची हुंडी आणली म्हणून व्याजासह पैसे परत करणारा जो जुना शहा, त्याच्याच जागी आजचा ऑनलाइन व्यापारी उभा आहे. शहाचा मान घेतला, की शहाची सावधगिरीही घ्यावी लागते.

ती सावधगिरी कोणती, हे मी त्याला सांगितले आणि आपणांसही सांगतो. परदेशी कार्डावरही बँकेकडून ओळख पटविण्याची सोय आपल्या पैसे-वसुलीच्या संस्थेकडे असेल, तर ती सुरू करून घ्यावी. कार्ड एका देशाचे, पत्ता दुसऱ्या देशातल्या लॉजचा, गिऱ्हाईक प्रथमच आलेले, मागणी नेहमीच्या कितीतरी पट आणि घाई विलक्षण, अशी लक्षणे एकत्र दिसली, तर माल एक दिवस थांबवावा आणि दूरध्वनी करून बोलावे. प्रामाणिक गिऱ्हाईक चौकशीने सहसा रागावत नाही. एकाच ठिकाणाहून लहान लहान रकमांसाठी एकामागून एक कार्डे लावून पाहिली जात असतील, तर तो चोरलेल्या क्रमांकांची परीक्षा घेणारा ठग समजावा. परतावा द्यावयाचा झाल्यास ज्या कार्डावरून पैसे आले, त्यावरच द्यावा. दुसऱ्या खात्यावर मागणाऱ्यास नकार द्यावा. आणि माल पोहोचल्याची सही, पत्रव्यवहार, बिल हे सारे, जुन्या पेढीने खोखा जपावा तसे, जपून ठेवावे. कारण खऱ्याच गिऱ्हाइकाने माल घेऊन हात वर केले, तर तेच आपले साक्षीदार.

एक गोष्ट मात्र विसरू नये. ओटीपी हा देखील साक्षीदारच आहे, आणि साक्षीदार फोडता येतो. गोड आवाजात दूरध्वनी करून तो आकडा मालकाच्याच तोंडून काढून घेणारे ठग आपण ऐकलेच असतील. त्यामुळे यंत्राची साक्ष आली तरी माणसाची नजर मिटून चालत नाही.

माझ्या विद्यार्थ्याने दुकान बंद केले नाही. गेल्या नाताळात त्याने मला काजू पाठविले आणि सोबत निरोप दिला : "सर, आता अनोळखी मोठी मागणी आली की आधी फोन करतो. दोघांनी मागणी सोडून दिली. पण एक गृहस्थ पाच वेळा घेऊन गेले." मला वाटते, या इतिहासाचे सार त्या निरोपात आहे. साक्ष मागितल्याने खोटा निघून जातो आणि खरा टिकून राहतो. शामळशा शेठजी ज्याच्यासाठी धावून आले तो मेहता भाग्यवान. आपण मात्र खोकी बांधण्यापूर्वी कळवणीचे पत्र आले की नाही, एवढे पाहून घ्यावे.